कोंबुचाची बरणी, मोहाचं फूल आणि उरणची भट्टी

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण उतारा. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

००:०० दोन रुपयांचे दोनशे

आज किल्ला नाही, लढाई नाही. आज आपण स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी थांबणार आहोत. विषय आहे कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड काळा चहा.

शनिवार-रविवार कर्जत-खालापूरकडे येणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. फार्महाउसच्या फ्रीजमध्ये, कॅफेच्या मेनूकार्डावर तो असतोच. तीनशे मिलीची बाटली, दीडशे ते दोनशे रुपये. मी कर्जतला राहते आणि घरी करते, म्हणून माझा हिशेब सांगते. दोन लिटरला १३० ग्रॅम साखर आणि १२ ग्रॅम चहा पावडर लागते. साखर ४५ रुपये किलो धरली तर सहा रुपये, चहा ४०० रुपये किलो धरला तर पाच रुपये. गॅसचे तीन. झाले १४ रुपये. म्हणजे तीनशे मिलीला साधारण दोन रुपये.

मग दोन रुपयांचे दोनशे होतात कसे? तुम्ही म्हणाल बाटली, लेबल, थंड गाडी, जाहिरात, दुकानदाराचा वाटा. बरोबर आहे. पण आंबवलेल्या पेयाची किंमत आतल्या मालावर ठरत नाही, ही गोष्ट या भागाला नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वी इथं हेच झालं होतं. तेव्हा मडक्यात चहा नव्हता, मोहाचं फूल होतं. आणि किंमत ठरवत होतं सरकार.

म्हणून आज दोन गोष्टी करूया. कमी खर्चात कोंबुचा कसा लावायचा ते नीट बघूया. आणि घरात काही आंबवणं कधी साधी गोष्ट असते, कधी गुन्हा होतो आणि कधी फॅशन होते, तेही बघूया.

०२:१० बरणीत नेमकं काय चालतं

कोंबुचात दोन प्रकारचे सूक्ष्मजीव काम करतात. पहिलं यीस्ट. ते साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. दुसरे ॲसिटिक बॅक्टेरिया. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. वर जी जाड, गिळगिळीत, शहाळ्याच्या मलईसारखी साय धरते, ती या बॅक्टेरियांनी विणलेली सेल्युलोजची चादर. तिला स्कोबी म्हणतात. लोक तिलाच सगळं श्रेय देतात, पण जंतू पाण्यातही तेवढेच असतात. म्हणून नव्या बरणीत साय टाकली आणि जुनं आंबट पाणी टाकलं नाही, तर घाण बिघडते.

इथं क्रम लक्षात ठेवा. आधी अल्कोहोल, मग आम्ल. मधली पायरी गाळता येत नाही. ताडीचंही तेच. पहाटे झाडावरून उतरलेली गोड नीरा, दुपारपर्यंत ताडी, तशीच ठेवली तर काही दिवसांत शिरका. रस एकच, फक्त वेळ वेगळी. नीरा विकणारे मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात, ते हे घड्याळ थांबवण्यासाठीच. कोंबुचा म्हणजे हेच घड्याळ आम्लाच्या बाजूला झुकल्यावर थांबवलेलं.

०४:०० वंशावळ: खरी आणि सांगोवांगीची

बाटलीवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हे दोन हजार वर्षांपूर्वीचं चिनी अमृत. दुसरी कथा अशी, की पाचव्या शतकात कोंबू नावाच्या कोरियन वैद्यानं ते जपानच्या सम्राटाला दिलं, म्हणून त्याचं नाव कोंबुचा. कथा छान आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. जपानीत कोंबु-चा म्हणजे समुद्रशेवाळाचा खारट चहा. आपल्या या आंबट पेयाला तिथं कोचा-किनोको म्हणतात, म्हणजे चहाची अळंबी. नाव कुठंतरी प्रवासात दुसऱ्याच वस्तूला चिकटलं.

पक्का कागद मिळतो तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९१३ मध्ये गुस्ताव लिंडाउ या जर्मन शास्त्रज्ञानं या सायीचं वर्णन करून तिला मेड्युसोमायसीस असं नाव दिलं, जेलीफिशसारखी दिसते म्हणून. रशियात ती 'चहाची अळंबी' या नावानं घरोघरी होती. सोव्हिएत काळात खिडकीत तीन लिटरची काचेची बरणी, तोंडाला फडकं आणि आत तरंगणारी साय हे अगदी साधं दृश्य होतं. ती दुकानात मिळत नसे. एकीनं दुसरीला द्यायची, जशी आपल्याकडे विरजणाची वाटी शेजारी जाते.

विकत मिळणारा कोंबुचा ही त्यामानानं कालची गोष्ट. अमेरिकेत १९९० च्या दशकात बाटल्या आल्या, तिथून तो जगभरच्या महागड्या फ्रीजमध्ये गेला आणि मग मुंबई-पुण्यामार्गे आपल्या कर्जतला आला. म्हणजे ज्या वस्तूचा सगळा इतिहास गरिबाच्या खिडकीतला, ती आपल्याला भेटली श्रीमंताच्या मेनूकार्डावर.

आणि तिला लागणारा चहा? तोही इथं फार जुना नाही. आसामात मळे एकोणिसाव्या शतकात लागले, पण माल जायचा इंग्लंडला. देशातल्या लोकांना चहाची सवय लावण्यासाठी १९०३ मध्ये कायदा करून चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार केला. रेल्वे स्टेशनवर चहा कसा करायचा याच्या पाट्या लागल्या. १९३० च्या सुमारास पानं चिरडून बारीक दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं आणि थोड्या पावडरीत गडद रंग देणारा स्वस्त चहा शक्य झाला. आज घाट चढण्यासाठी मागून इंजिन लावायला गाडी कर्जतला थांबते तेव्हा आपण वडापावबरोबर जो चहा मागतो, तो बहुधा याच यंत्राचा वारस. कोंबुचाला हीच साधी पावडर चालते. त्यासाठी दार्जिलिंगची पानं घेऊ नका.

०७:०० कमी खर्चात कसा लावायचा

आता वही काढा, किंवा इथं खूण करून ठेवा.

एकदाच होणारा खर्च: तीन लिटरची काचेची बरणी, शंभर-दीडशे रुपये. भंगारवाल्याकडे रुंद तोंडाची चांगली बरणी मिळाली तर त्याहून कमी. आम्लता मोजायच्या पीएच पट्ट्या, शंभर-दीडशे. आणि बाजारातली एक साधी बाटली: चव न घातलेली, न तापवलेली, कच्ची. साय तयार विकत घेऊ नका. ही बाटली अर्धा लिटर गार गोड चहात ओता, फडकं बांधा, दोन-तीन आठवडे हलवू नका. साय आपोआप धरते. कुणी करणारं ओळखीचं असेल तर तेही नको, कपभर आंबट पाणी आणि सायीचा तुकडा मागा. म्हणजे एकूण चारशेच्या आसपास, आणि ओळख असेल तर अडीचशे.

कृती दोन लिटरची. अर्धा लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, १२ ग्रॅम चहा पावडर घालून दहा मिनिटं झाका, गाळा. १३० ग्रॅम साखर विरघळवा. बाकीचं उकळून गार केलेलं पाणी घाला. दूध नाही, आलं नाही, वेलची नाही, चहा मसाला तर अजिबात नाही. हात लावल्यावर कोमटसुद्धा लागता कामा नये इतका गार होऊ द्या. मग जुनं आंबट पाणी दोनशे मिली आणि साय. तोंडाला घट्ट विणीचं सुती फडकं, जुन्या धोतराची दुहेरी घडी उत्तम, वरून रबर. जाळीदार कापड चालत नाही, चिलटं आत जातात. झाकण लावू नका, बॅक्टेरियांना हवा लागते.

किती दिवस? इथं पुस्तकापेक्षा आपली हवा बघा. एप्रिल-मेमध्ये कर्जतला पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा चार-पाच दिवसांत होतो. थंडीत दहा-बारा दिवस लागतात. पावसाळ्यात वेगळी काळजी, कारण भिंतीसुद्धा बुरसतात. बरणी भिंतीपासून लांब, हवा खेळेल अशी ठेवा. सायीवर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी-पांढरी बुरशी दिसली तर पाणी आणि साय दोन्ही फेकायचं. वरचं काढून खालचं वापरू, असं करायचं नाही. तपकिरी लोंबणारे धागे दिसले तर घाबरू नका, ते यीस्ट असतं.

पट्टी बुडवून बघा. आठवडाभरात पीएच ४.२ च्या खाली यायला हवा. २.५ च्या खाली गेला तर तो पिऊ नका, पुढच्या घाणीसाठी ठेवा किंवा फरशी पुसायला वापरा.

फेस हवा असेल तर साय काढून पेय बाटलीत भरा, करवंद, जांभूळ, कोकम किंवा आल्याचे तुकडे टाका, एक-दोन दिवस बाहेर आणि मग फ्रीजमध्ये. यासाठी सोड्याची प्लास्टिक बाटली घ्या. दाबून कडक लागली की समजायचं, आता फ्रीज. साधी काचेची बाटली उन्हाळ्यात फुटते.

आता भांड्याबद्दल, आणि हे महत्त्वाचं. आपल्या घरात लोणच्याची चिनी मातीची बरणी असते आणि मोह तिचाच होतो. तिच्यात नको. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका जोडप्याची नोंद आली. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यात सहा महिने कोंबुचा करून पीत होते, आणि झिलईतलं शिसं आम्लात उतरून दोघांना शिशाची विषबाधा झाली. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमही नको. पितळेत ताक कळकतं हे आजीला माहीत होतं, तेच रसायन इथं. काच म्हणजे काच.

आणि किती प्यायचा? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. कोंबुचामुळेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून निरोगी माणसानं दिवसाला अर्धा कप, साधारण १२० मिली, हे प्रमाण सांगितलं जातं. गरोदर बायका, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरचा कोंबुचा टाळावा. तो कशावरचंही औषध नाही. थोडा आंबट, थोडा गोड, उन्हात बरा वाटणारा. एवढंच.

१२:३० आंबट इथं आधीपासून होतं

माझ्याकडे मे महिन्यात वाडीवरून करवंदं घेऊन एक मावशी येतात. ओट्यावरची बरणी बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आंबत घातलंय?" मी हो म्हटलं. पुढं समजावायची गरज पडली नाही. फेस कुठून येतो, गरमीत लवकर का होतं, फडकं का बांधायचं, त्यांना सगळं ठाऊक होतं. कोंबुचा हा शब्द तेवढा नवीन.

कारण आंबवणं इथं प्रत्येक घरात होतं. नाचणीची आंबील, रात्रभर पाण्यात राहिलेला भात, आंबोळीचं पीठ. खाली किनाऱ्यावर भंडाऱ्यांची ताडी. वसईकडच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पाव-सान्नांचं पीठ ताडीनंच फुगायचं. आणि सह्याद्रीच्या पायथ्याला, ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या मुलखात, मोह.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखालची जमीन झाडून ठेवतात आणि उजाडताना बायका-मुलं वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणजे साखरेचा कारखाना नसलेल्या मुलखात झाडावर लागलेली साखर. ते फूल शिजवून खायचे, भाकरीत घालायचे, गुरांना द्यायचे, आणि भिजवून आंबवून दारूही गाळायचे. लग्नात, देवाला, मयताला ती लागायची. साहित्याचा खर्च शून्य, लागायची फक्त मेहनत आणि सरपण.

फरक सांगून ठेवते. कोंबुचा नुसता आंबवतात, मोहाची दारू आंबवून मग गाळतात, त्यामुळे ती कितीतरी कडक. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण पहिली पायरी एकच आहे: गोड पाणी, जंतू, आणि वाट बघणं. ती पायरी कुणाच्या मालकीची नाही. मग तिच्यावर मालकी सांगायची कशी?

१५:२० १८७८: मडक्यावर कर

याचं उत्तर मुंबई सरकारनं १८७८ मध्ये शोधलं. त्या वर्षीचा मुंबई अबकारी कायदा. त्यामागचा मुख्य अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड, जकात, अफू आणि अबकारी खात्याचा आयुक्त. त्याआधी दारूचे मक्ते लिलावानं जायचे आणि गावोगाव छोट्या भट्ट्या असायच्या. नव्या पद्धतीत छोट्या भट्ट्या बंद करून गाळप मोठ्या, सरकारच्या नजरेखालच्या भट्ट्यांत आणायचं ठरलं. दारू परवानाधारक दुकानातून विकायची. ताडीच्या झाडावरही कर: झाड तुमच्या बांधावरचं असलं तरी छेद द्यायचा तर आधी पैसे भरा.

आपल्या भागासाठी ही मोठी भट्टी म्हणजे उरण. तिथल्या भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या आणि मुंबई व आसपासच्या भागाची मोहाची दारू तिथं गाळली जायची. आता गंमत बघा. उरणला लागणारी फुलं येत होती गुजरातमधल्या पंचमहालसारख्या लांबच्या मुलखातून. म्हणजे कर्जतच्या डोंगरात मोह गळतोय, पण तो वापरला तर गुन्हा. आणि परक्या मुलखातलं तेच फूल रेल्वेनं येणार, उरणला गाळलं जाणार, कर भरून, नफा चढवून बाटलीतून कर्जतला परत येणार. ती बाटली मात्र कायदेशीर.

माल तोच, कृती तीच. महाग झाला तो मधला रस्ता.

रेल्वेचा यात हात होता हेही लक्षात घ्या. खोपोलीपर्यंत रूळ १८५६ मध्ये आले, बोरघाट १८६३ मध्ये उघडला. त्याच रुळांवरून पुढं साखर आली, चहा आला. जोडलं जाणं म्हणजे नुसता प्रवास सोपा होणं नव्हे, वसुलीही सोपी होते.

१७:४० १८९२: फुलावर कायदा

पण घरातली मडकी थांबली नाहीत. स्वस्त घरचं सोडून महाग दुकानातलं कोण घेणार? मग सरकारनं पुढचं पाऊल टाकलं. १८९२ चा मुंबई मोह कायदा. हा सगळ्या इलाख्यासाठी नव्हता, मुद्दाम ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी होता. परवानगीशिवाय मोहाच्या फुलांचा साठा आणि ने-आण यांवर त्यानं बंधनं आणली. चोरटी दारू थांबवायची म्हणून.

कर्जत तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, १८९१ मध्ये कुलाब्यात आला. म्हणजे इकडे असता किंवा तिकडे, कायद्याच्या कचाट्यात सापडलाच असता.

हा कायदा दारूवर नाही, फुलावर आहे, हे नीट ऐका. फूल अन्नही होतं. धान्य संपल्यावर, नवं पीक येईपर्यंतचे दिवस काढायला उपयोगी पडणारं. आता घरात वाळत घातलेली फुलं पाहून शिपाई विचारणार, ही खायला की गाळायला? डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं शेजारच्या दक्षिण गुजरातमधल्या आदिवासींच्या दारूवर लिहिलेल्या लेखाचं नावच आहे 'प्रथेकडून गुन्ह्याकडे'. ठाणे-कुलाब्याची गोष्टही त्याच वाटेनं गेली.

१९:५० १९४९: व्याख्येची रुंदी

स्वातंत्र्य आलं. आता कर वसूल करायचा नव्हता, दारूच बंद करायची होती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर दारूबंदी. हेतू वेगळा, पण मोहाच्या फुलावरचं नियंत्रण राहिलंच. खराब गुळावरही आलं, कारण हातभट्टीत तोच लागायचा.

या कायद्यात मद्याची व्याख्या फार रुंद आहे: ताडी, बिअर, वाइन आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव. इतकी रुंद, की औषधं आणि कोलनवॉटरसुद्धा त्यात येत होती. एफ. एन. बालसरा नावाचे मुंबईचे गृहस्थ न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी टिकवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांना लागू होणारा भाग काढून टाकला. पुढं दारूबंदी सैल झाली, परवाने आले, दुकानं आली. कायदा मात्र आजही आहे, महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावानं. शहरातली बाटली परवान्यानं सुटली, वाडीतलं मडकं सुटलं नाही.

मी मडक्याची आरती ओवाळत नाही. दारूनं या भागातली घरं मोडली आहेत. वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कातकरी कुटुंबात दारू काय करते हे इथं राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. बाटली आडवी करायला महाराष्ट्रात ज्या बाया मतदानाला उभ्या राहिल्या, त्यांचा राग खरा आहे. पण त्यांनी मोजून मतं टाकून बंद केलं ते परवान्याचं दुकान. आणि मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. झाडाच्या फुलानं नव्हे. तेव्हा हानी कशानं होते आणि कायदा कुणाच्या दारात उभा राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नये.

२३:०० अर्धा टक्का

आता परत आपल्या बरणीकडे. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलं की ते पेय मद्यात धरतात. अमेरिकेतही हीच रेघ आहे. २०१० मध्ये तिथल्या होल फूड्स या दुकानसाखळीनं कोंबुचाच्या बाटल्या फडताळावरून उतरवल्या, कारण बाटलीत आंबणं चालूच राहून काहींत अल्कोहोल या रेघेच्या वर गेल्याचं दिसलं होतं. मग कंपन्यांनी कृती बदलल्या, गाळण्या बसवल्या आणि माल परत फडताळावर आला. कुणी तुरुंगात गेलं नाही.

घरच्या बरणीत, विशेषतः फळ घालून गरमीत बंद ठेवलेल्या बाटलीत, हा अर्धा टक्का सहज ओलांडला जातो. जे दारूचा थेंबही घेत नाहीत त्यांना हे आधी सांगा. आणि विकायचा विचार असेल तर अन्न परवाना आणि प्रयोगशाळेची तपासणी याशिवाय विकू नका.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कायद्याची व्याख्या शब्दशः लावली तर माझी बरणीही 'अल्कोहोल असलेला द्रव' आहे. तरी मी तिचा फोटो टाकते, लोक बदाम पाठवतात, कृती विचारतात. करवंदं आणणाऱ्या मावशी त्यांच्या घरातल्या मडक्याचा फोटो टाकतील का? टाकणार नाहीत. दोन्ही घरांत आंबत घातलेलंच आहे.

शेजारच्या गोव्यात काजूची फेणी अशीच भट्टीची, गावठी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्यानं तिला वारसा पेय म्हटलं. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहासाठी वारसा मद्याचं धोरण आणलं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं उठवली. फूल वेचण्यावर १८९२ मध्ये आलेला संशय जायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. दारू गाळण्याची गोष्ट अजून वेगळीच आहे. आणि जिथं गौणवनोपजावर ग्रामसभेचा हक्क पेसा कायद्यानं मानला जातो, त्या अनुसूचित क्षेत्रांच्या यादीत रायगड जिल्हा नाही. वाड्या आहेत, माणसं आहेत, मोह आहे. यादीत नाव नाही.

२६:१० जाता जाता

तर मंडळी, बरणी लावा. चारशे रुपयांत सुरू होते आणि पुढं बाटलीमागं दोन रुपये. साय वाढली की शेजारी द्या, विकू नका, कारण ती आजवर अशीच एकमेकींच्या हातून आली आहे. करवंदं-जांभळं रस्त्यावर बसलेल्या बाईकडून घ्या आणि भाव करू नका. फेस आणि आंबटपणा ओळखायचं तुमच्या-माझ्याहून जास्त ज्ञान तिच्याकडे आहे, तर तिला विचारा.

आणि एक काम घरी करा. तुमच्या आजीला, आईला, आत्याला विचारा, लहानपणी घरात काय काय आंबत घातलं जायचं आणि ते कधी, का बंद झालं. उत्तर ध्वनिमुद्रित करून पाठवा. कुणाच्या घरात आंबील असेल, कुणाच्या घरात ताडीनं फुगवलेलं पीठ. आणि कुणाची आजी आधी दार लावून घेईल, मग सांगेल. तिचं नाव-गाव आम्ही सांगणार नाही, पण तिची गोष्ट पुढच्या भागात जरूर ऐकवू.

भेटूया.